सारवलेला डोंगर

साहेबांसोबत फिरतीला जायचं म्हणजे घड्याळ घरी ठेवून निघावं लागे. वाट त्यांना पाठ होती, पायही दमत नसत (त्यांचे, माझे दमत), पण गावाची शीव आली की हे गृहस्थ थांबलेच म्हणून समजा. एखादा दगड नाहीतर मोहाचं आडवं खोड बघून बसत, कॅनव्हासचे बूट काढत आणि एकावर एक आपटून माती झाडत. तेवढ्यावर भागत नसे. तळव्यांच्या खाचांत अडकलेली माती काडीनं कोरून काढत, आणि मग उठून मागं सोडलेल्या गावाकडे तोंड करून म्हणत, "घ्या, तुमची तुम्हाला."

मी नवी होते तेव्हा एकदा न राहवून बोलले, "अहो साहेब, बुटाच्या मातीनं असं काय होणार आहे?"

"काही होत नाही, बाई. पण नेणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यात आपलं नाव नको."

मी आपली उन्हात उभी.

ते भूसंधारणाचे अधिकारी होते आणि मी ग्रामसेविका. गटविकासाची योजना नुकतीच आली होती. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मिळून एकच चांदा. आमचं ऑफिस सिंदेवाहीला, दोन खोल्यांचं, कौलांतून चिमण्यांची घरटी. माझं काम बिनधुराच्या चुली, बाळंतिणींची विचारपूस, पोरांच्या डोळ्यांत थेंब. त्यांचं काम जमीन अडवणं. दोघांना सोबत फिरायचं कारण काय, तर डोंगरावर शेळ्या नेणाऱ्या बाया, जळण तोडणाऱ्या बाया, आणि बायांशी बोलायचं म्हटलं की साहेबांना घाम फुटे. गृहस्थ पन्नाशीला आलेले, लग्न केलेलं नव्हतं. कुणी बाई समोर आली की ते छत्रीच्या मुठीकडे पाहून बोलत. मग मी मधे. मी वरोऱ्याची, काळ्या कपाशीच्या रानात वाढलेली, तोंडानं खमकी. त्या दोन वर्षांत मी जितकी चालले तितकी जन्मात चालले नसेन. आज गुडघे उठू देत नाहीत ते त्याच पायपिटीमुळे, असं डॉक्टर म्हणत नाहीत, मी म्हणते.

गाव त्यांना गाळसाहेब म्हणे. ते बाटल्यांवरून. पाऊस लागला की माणसं घरात पळतात. हे घरातून बाहेर पळत. छत्री हातात, पण ती उघडायची नाही. ती ओढ्याची खोली बघायला. पिशवीत रिकाम्या बाटल्या, खोकल्याच्या औषधाच्या, कंपाउंडरकडून मागून आणलेल्या. शेतातून निघालेलं पाणी नाल्याला मिळायच्या आधी एका बाटलीत धरायचं, बूच लावायचं, वर गावाचं नाव चिकटवायचं. ऑफिसच्या खिडकीत अशा बाटल्यांची रांग. दोन-तीन दिवसांत पाणी वर निवळे आणि खाली गाळ बसे. ते बोट लावून तो गाळ बघत. डॉक्टर पोराच्या पोटाला हात लावून बघतो ना, तसं. बाजारात बोललं जाई की गाळसाहेब मोहाची दारू लावतात, एवढ्या बाटल्या दुसऱ्या कशाला? त्यांनी चहासुद्धा सोडला होता, आणि नाव मात्र असं.

बरं, एवढ्यावर थांबावं. पण नाही. पुढच्या फेरीला ते ती बाटली पिशवीतून त्याच शेतात परत नेत आणि बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, वरच्या अंगाला ओतत. "परत आणलीय," म्हणत, "सांभाळा." शेतकरी तोंडाला धोतराचा सोगा लावून हसत. त्यांना भेटल्यावर रामराम नसे. पावसाळ्यात पहिला प्रश्न असे, "तुमच्याकडचं पाणी काय रंगाचं आहे?" पोरंसुद्धा शिकली होती. लांबूनच ओरडत, "चायच्या रंगाचं जी, सायेब, दूध कमी!"

एकदा चांद्याहून मोठे साहेब आले, सगळे टेबलाभोवती बसलेले, यांना प्रगतीचा आढावा द्यायचा होता. दोन वाक्यं झाली असतील, कौलांवर ताडताड सुरू झालं. हे बोलता बोलता उभे राहिले, "माफ करा, पाणी निघालं," म्हणाले आणि पिशवी घेऊन चालते झाले. आमच्या बीडीओ साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच यांना वाढवलंय.

त्या खिडकीतल्या बाटल्यांत एक बाटली वेगळी होती. लहानशी, परदेशी बुचाची, आत बारीक पिवळी वाळू. दिल्लीला कुठल्याशा परिषदेत त्यांची एका परदेशी माणसाशी ओळख झाली होती. वाळूच्या मुलखातला माणूस, म्हणे त्याच्या आजाच्या वेळी तिथं गुरं चरत, ओढे वाहत. आता पाचोळ्यापुरतंसुद्धा झाड नाही. जाताना त्यानं ही बाटली दिली आणि साहेबांनी त्याला आपल्याकडच्या गाळाची. साहेबांनी ती वाळू बोडीटोल्याच्या बाटलीशेजारी ठेवली होती. मला म्हणाले होते, "ही आज इथली. ही उद्या इथली." मी म्हटलं, "काहीतरी अभद्र बोलू नका. झाडीमुलूख आहे हा, इथं कुठली वाळू?" ते म्हणाले, "त्याचा आजाही असंच म्हणत असेल."

बोडीटोला म्हणजे त्यांचा दुखरा दात. डोंगराच्या पायथ्याशी टोला, म्हणजे वाडी, डोंगर आणि टोला यांच्यामधे बोडी, म्हणजे जुन्या मालगुजारानं बांधलेला लहान तलाव, आणि बोडीखाली धानाच्या बांध्या. लढाईच्या दिवसांत ठेकेदारानं रेल्वेच्या स्लीपरांसाठी डोंगर साफ केला. मागून कोळसेवाले आले, मग शेळ्या, मग वणवा. डोंगरावर राहिली ती मुरमाड कातडी आणि तिच्यात माणूस उभा मावेल अशा ओघळी. दर पावसाळ्यात डोंगर थोडा थोडा बोडीत येऊन बसे. आधी दर उन्हाळ्यात सगळा टोला मिळून गाळ उपसत असे. मालगुजारी गेली, बोडी सरकारची झाली, आता सरकार उपसेल म्हणून टोला बसून राहिला. सरकार सिंदेवाहीत बसून राहिलं होतं.

बोडीला लागून पहिली बांधी पुनाबाईची. म्हातारी, एकटी, अंगानं चिपाड पण आवाज पाटलासारखा. तिचा मुलगा कामाला म्हणून बल्लारशाकडे गेला तो तिकडचाच झाला. पहिल्याच दिवशी तिनं साहेबांना धारेवर धरलं. "काय सायेब, बाटल्या भरून काय होते? बोडी पाहा. म्हैस बसली त पाठ कोरडी राह्यते तिची. धान गरभात आलं का पाणी सरते. दोन सालं झाले, लोंबीत दाणाच नाई. मी काय खाऊ, तुमच्या बाटल्या?"

साहेब छत्रीच्या मुठीशी बोलले, "डोंगर अडवल्याशिवाय बोडी वाचायची नाही, पुनाबाई. आणि डोंगर अडवणं माझ्या पगारात बसत नाही."

"मंग कोनाच्या बसते, थ्याले आना."

ते "थ्याले आना" त्यांनी फारच मनावर घेतलं. त्या सुमारास परदेशी मदतीची एक योजना यायची होती. निरनिराळ्या देशांनी मिळून म्हणे ठरवलं होतं की ज्या गरीब मुलखांची जमीन वाहून, वाळून चालली आहे, तिथं यंत्रं द्यायची, जाणकार माणसं द्यायची, रोपं द्यायची, मजुरी द्यायची. आमच्या भागात एकच जागा निवडली जाणार होती, आणि अट काय, तर जागा सगळ्यांत बिघडलेली पाहिजे. साहेबांचा चेहरा मी तेवढा उजळलेला एकदाच पाहिला. "बाई, जन्मात पहिल्यांदा आपल्याकडचं काहीतरी पहिल्या नंबराचं आहे!" म्हणाले आणि हसले. हसताना ते खोकत.

वर्षभर त्यांनी त्यासाठी जोडे झिजवले. चांद्याला, नागपूरला, कुठल्याशा मोठ्या साहेबाच्या व्हरांड्यात दिवसदिवस बसून. शेवटी ठरलं, पाहुणे बोडीटोला बघायला येणार. फाल्गुनात. आणि येणाऱ्यांत तो वाळूच्या मुलखातला माणूसही आहे! साहेबांनी कुठली ओघळ आधी दाखवायची, कुठून उभं राहिलं की डोंगर सगळ्यांत उघडानागडा दिसतो, हे ठरवायला मला किती वेळा वर चढवलं ते माझ्या गुडघ्यांना विचारा. पुनाबाईला त्यांनी पहिल्यांदा तोंडाकडे बघून सांगितलं, "पाहुण्यांना पटलं ना, तर तुमची बोडी पुन्हा भरेल. येत्या दोन पावसाळ्यांत."

"पटन कसं नाई?" म्हातारी म्हणाली. "आमी पाह्यतो ना."

माझ्या मेलीच्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही.

पाहुण्यांना घ्यायला आम्हा दोघांना चार दिवस आधी चांद्याला बोलावलं. आमच्या मागं बीडीओ साहेबांनी कोतवालाकरवी टोल्यात निरोप धाडला की परदेशी पाहुणे येऊन राहिले, गाव नीटनेटकं ठेवा. दुसरं काही नाही. निरोपात काही वावगं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पाहुणे यायचे म्हटल्यावर कुणीही तेच सांगेल.

आम्ही जीपांतून निघालो. पुढच्या जीपमधे एक उंच, उन्हानं लाल झालेले पाहुणे आणि बीडीओ साहेब. मागच्या जीपमधे वाळूच्या मुलखातले पाहुणे, साहेब आणि मी. ते पाहुणे वयस्क, काटकुळे, आपल्याकडच्या एखाद्या शाळामास्तरासारखे. दोघांचं इंग्रजीत हळूहळू चाललेलं, मातीबद्दलच. मोहाच्या झाडाशी रस्ता वळतो आणि बोडीटोल्याचा डोंगर समोर येतो. साहेब पुढं वाकून, हात करून सांगायला लागले, "आता बघा हं, आता दिसेल."

दिसला. हिरवागार.

मी डोळे चोळले. जो डोंगर आठवड्यापूर्वी खरवडलेल्या कढईसारखा होता, त्यावर रांगाच्या रांगा झाडं उभी. येन, धावडा, तेंदू, पुरुषभर उंचीची. मधेमधे फुललेला पळस, केशरी. आणि ओघळी? ओघळी नव्हत्याच! त्यांच्या जागी शेणानं सारवलेले गुळगुळीत पट्टे, वरपासून खालपर्यंत, दोन्ही काठांना पांढऱ्या मातीची किनार, आणि पायथ्याशी ठिपक्यांची रांगोळी. डोंगराला रांगोळी! ढोल सुरू झाला. बाया डोक्यावर कळश्या घेऊन उभ्या.

साहेबांचा वर केलेला हात तसाच राहिला. मग तो त्यांनी मांडीवर ठेवला.

पुनाबाई सगळ्यांच्या पुढं. कोपरापर्यंत शेणाचे हात, धुवायला वेळ मिळाला नव्हता. तळवे फोडांनी भरलेले. चेहरा असा की घरात लग्न आहे. "कसं वाटते जी, सायेब?" म्हणाली. "आमी म्हटलं, पावणे एवढ्या दुरून येऊन राह्यले, अन् त्याहीले असा फाटका डोंगर दाखवाचा? काय म्हनतीन थे? सारा टोला राबला. पोट्टे, बुढे, सारे."

"झाडं?" साहेबांनी विचारलं. आवाज खाली गेला होता.

"नाल्यापल्याडच्या जंगलातून तोडून आनल्या फांद्या. जंगलाच्या नाकेदारानंच सांगतलं, पावण्याईसाठी हाये त तोडा."

जंगल दाखवायला जंगल तोडलं होतं. मी कपाळावर हात मारणार होते, पण बाया माझ्याकडेच बघत होत्या.

"आणि ओघळी कशानं बुजवल्या?"

"बोडीतल्या गाळानं, अजून कशानं? टोपल्यानं उपसला अन् वर नेला. तुमीच त सांगता ना सायेब, जिथली माती तिथी. तुमी बाटलीनं आनता, आमी टोपल्यानं नेली."

साहेब वळले आणि डोंगराकडे बघत राहिले. मला वाटलं आता भडकतील. ते भडकले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, घातला, पुन्हा काढला.

उंच पाहुणे खूश होते. फोटो काढत होते. बीडीओ साहेब सांगत होते, हे सगळं लोकांच्या श्रमदानातून, आणि तेही खोटं नव्हतं. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण उंच पाहुणे जे म्हणाले ते मला कळलं. म्हणाले, या लोकांना कुणाच्या मदतीची गरज नाही, इतरांनी यांच्याकडून शिकावं. आता साहेब बोलतील, मी मनात म्हटलं. एक फांदी उपटायची, बस. एकच. खाली मूळ नाही हे लहान पोराला कळेल.

वाळूच्या मुलखातले पाहुणे एव्हाना चढणीवर गेले होते. त्यांनी एका धावड्याच्या फांदीला हात लावला. फांदी कलली. सगळा टोला श्वास धरून बघत होता. त्यांनी ती दुसऱ्या हातानं सावरली, सरळ केली, आणि बुटाच्या टाचेनं बुडाशी माती दाबली, कुणी नवं रोप दाबतं तशी. मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी त्यांच्याकडे. खाली उतरून आल्यावर ते साहेबांच्या कानाशी हळूच काही बोलले. मी शेजारीच होते. म्हणाले, आमच्याकडेही पाहुणा येणार असला की जिथं सतरंजी फाटली असेल तिथंच चांगला गालिचा टाकतात.

साहेब म्हणाले, "हो."

झालं. जगभरच्या देशांनी मिळून जमीन वाचवायची, ते सहकार्य का काय म्हणतात, ते मी आयुष्यात एवढंच पाहिलं. दोन देशांची दोन माणसं, फांदी उपटायची नाही यावर एकमत झालेली.

जेवण झालं. उडदाचे वडे, चिन्नोरचा भात, लाखोळीची डाळ. पुनाबाईनं हात धुऊन स्वतः वाढलं. जीपा गेल्या. साहेब आणि मी मागं राहिलो, आणि टोल्याबाहेर आल्याबरोबर माझा तोल सुटला. मी म्हटलं, "तुमची दातखीळ बसली होती का? वर्षभर उंबरठे झिजवले, ते कशासाठी? एक शब्द बोलला असता तर बोडी वाचली असती! त्या म्हातारीनं पुढच्या साली काय खायचं? गालिचा?"

ते चालत होते. न थांबता म्हणाले, "बाई, त्यांनी पाहुण्यांसाठी घर सारवलं होतं. त्यांच्यादेखत सारवलेल्या भुईवर मी कुदळ मारू?"

"मग नंतर सांगा! उद्या जाऊन सांगा त्या लाल साहेबाला!"

"सांगणार आहे."

त्यांनी सांगितलंही. चांद्याला गेले, नागपूरला गेले. पण फोटो आधी पोचले होते. फोटोत डोंगर हिरवा होता, आणि फोटो बघितलेल्या माणसाला बाटली दाखवून काय उपयोग? यंत्रं वऱ्हाडाकडे कुठंतरी गेली. ते परत आले, मला म्हणाले, "टोल्यात हे कुणाला कळू द्यायचं नाही." मी कुणाला सांगितलं नाही. सांगून कुणाचं पोट भरणार होतं?

दुसरा कुणी असता तर आजारी रजा टाकून झोपला असता. हा गृहस्थ पहार आणि घमेलं घेऊन डोंगरावर गेला. फांद्या तोवर वाळून कोळ झाल्या होत्या. सारवण भेगाळलं होतं. पण ओघळींत गाळ होता, बायांनी डोक्यावरून नेलेला. "हा खाली येता कामा नये," एवढंच ते म्हणत. ओघळींत आडवे दगड रचायला लागले. ऊन चैत्राचं, आमच्या झाडीतलं, ज्यात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. दोन-चार दिवस टोला नुसता बघत होता. मग पुनाबाई आली, काही न बोलता दगड उचलू लागली. मागून आणखी काही बाया. पुरुष मोहफुलं वेचायच्या आणि तेंदूपत्त्याच्या कामाला गेले होते, तिथं रोजी मिळते, इथं काय मिळणार? मीही दगड वाहिले. ग्रामसेविकेच्या कामांत ते बसत नव्हतं. बीडीओ साहेबांनी मला तसं लेखी कळवलं.

म्हातारी एकदा दगड ठेवता ठेवता मला म्हणाली, "बाई, थ्या मशिनी येनार होत्या, काऊन नाई आल्या?" मी म्हटलं, "मोठ्या लोकांची कामं, पुनाबाई, आपल्याला काय कळतं?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग वाळक्या फांदीकडे बघितलं, आणि पुन्हा दगड उचलायला गेली.

पावसाळा आला तो धो धो आला. साहेब डोंगरावर उभे, छत्री मिटलेली, हातात बाटली. खालच्या दोन ओघळींतले दगड टिकले. बाकीच्या ओघळींनी गाळ सोडला, दगड सोडले, सगळं घेऊन बोडीत आल्या. तेवढ्या कष्टानं वर नेलेली माती एका आठवड्यात घरी परत. मी बाटलीकडे बघितलं. पाणी चहाच्या रंगाचं. त्यांनी बूच लावलं, चिठ्ठी चिकटवली, आणि पहिल्यांदाच ती बाटली पिशवीत न टाकता दगडावर ठेवून खाली उतरले. त्या दिवशी ते मला फार म्हातारे दिसले. मलाही कंटाळा आला होता, खरं सांगते. जमिनीचा नाही, माणसांचाही नाही. चांगलंच करायला गेलं तरी हे असं होतं, त्याचा.

त्या साली पुनाबाईचं धान पुन्हा गरभात वाळलं. आणि दिवाळी सरते न सरते तोच साहेबांची बदली आली. नवं राज्य झालं होतं, चांदा मुंबईला जोडला गेला होता, कोण कुठं फेकलं जाईल त्याचा नेम नव्हता. त्यांना कुठल्यातरी समुद्रकाठच्या जिल्ह्यात पाठवलं. मी म्हटलं, "तिथं वाळूच वाळू आहे, बाटल्या नेऊ नका." ते खोकत हसले.

जायच्या दिवशी त्यांनी बोडीटोल्यावरूनच बस धरायची ठरवली. वर जाऊन त्या टिकलेल्या दोन ओघळी बघितल्या. मग बोडीत उतरले, गाळात घोट्यापर्यंत पाय रुतले, तसेच बांध्यांतून शिवेवर आले. मी वळकटी घेऊन मोहाखाली उभी. पुनाबाई त्यांना पोचवायला मागोमाग आली होती. आवाज नेहमीसारखा पाटलाचा नव्हता.

"सायेब," म्हणाली, "एक इचारू? खरं सांगजा. थ्या मशिनी आमच्यामुळंच नाई आल्या ना? आमीच झाकून टाकलं ना जी?"

साहेबांनी छत्रीच्या मुठीकडे पाहिलं नाही. तिच्या तोंडाकडे बघून सरळ खोटं बोलले. "नाही, पुनाबाई. तिकडं वऱ्हाडात गरज जास्त होती. तुमचा डोंगर त्यांना फार आवडला."

"बरं," ती म्हणाली. तिला काही पटलं नव्हतं, आणि ते त्यांनाही कळलं.

दूर बसची धूळ दिसायला लागली. साहेब मोहाच्या खोडावर बसले, बूट काढले. दोन्ही बूट गाळानं लडबडलेले, ओला काळा गाळ, तळव्याला बोटभर. त्यांनी एकावर एक आपटायला बूट उचलले, तेवढ्यात म्हातारीनं पुढं होऊन त्यांचा हात धरला. त्यांना कुणा बाईनं हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता.

"राहू द्या, सायेब," ती म्हणाली. "नेऊन जा हे. इथी ठेवली त पुढच्या पान्यात जाईनच. तुमच्यासंगं गेली त कुठी त राहीन."

"घ्या, तुमची तुम्हाला" त्या दिवशी म्हटलं गेलं नाही. त्यांनी बूट तसेच पायांत चढवले, नाड्या बांधल्या, बोटं गाळानं भरली. बस थांबली. कंडक्टर खेकसला, "ओ बाबा, पाय झाडून चढा, गाडी घान होते!" ते पाय न झाडता चढले, आणि मी त्यांच्यामागं वळकटी वर दिली.